मुदत नसलेला हुकूमनामा

दिवाणी कोर्टाची पायरी जे एकदां चढले आहेत, त्यांना हुकूमनामा व वसुली यांमधील अंतर समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. निकाल आपल्या बाजूचा झाला म्हणून पेढे वाटणारा वादी पुढें दहा वर्षें दरखास्तीच्या तारखा मोजीत बसलेला आम्हीं आमच्या धंद्यांत पुष्कळ वेळां पाहिला आहे. भारत सरकारनें २०२५ च्या जुलै महिन्यांत दूषित जमिनींविषयीं जे नियम प्रसिद्ध केले, ते वाचतांना आम्हांस ह्या वादीची आठवण झाली.

ह्या नियमांचें नांव पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचें व्यवस्थापन) नियम, २०२५ असें आहे. कारखान्यांचा विषारी गाळ व इतर घातक द्रव्यें जेथें वर्षानुवर्षें टाकलीं गेलीं आणि त्यामुळें जेथील माती व भूगर्भांतील पाणी बिघडलें, अशा जागा शोधाव्या, तपासाव्या, दोषी कोण तें ठरवावें व शुद्धीचा खर्च त्याच्याकडून घ्यावा, हा त्यांचा सारांश होय. जिल्हा प्रशासनानें दर सहा महिन्यांनीं संशयित जागांचा अहवाल करावयाचा. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानें नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करावयाची. तींत तथ्य दिसल्यास आणखी तीन महिन्यांत सविस्तर तपास. जबाबदार कोण याचा शोधहि नव्वद दिवसांत. दोषी सांपडला नाहीं किंवा नादार निघाला, तर खर्चाची व्यवस्था केंद्र व राज्य सरकारांनीं पाहावयाची. देशांत अशीं १०३ स्थळें सरकारच्याच दप्तरीं नोंदलेलीं होतीं आणि त्यांपैकीं अवघ्या सात ठिकाणीं कामास हात लागला होता. अशा स्थितींत कांहीं तरी कायदेशीर चौकट तयार झाली, ही गोष्ट चांगली झाली, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों.

पण चौकट नीट न्याहाळून पाहिली म्हणजे तींतील भगदाड दृष्टीस पडतें. शोधण्यास मुदत आहे, तपासण्यास मुदत आहे, दोषी ठरविण्यास मुदत आहे. मात्र जमीन शुद्ध करून शेतकऱ्याच्या हवालीं कधीं करावयाची, ह्यास मुदत नाहीं! ज्या एका गोष्टीसाठीं बाकीच्या सर्व गोष्टी करावयाच्या तीच गोष्ट नियमकर्त्यांनीं 'यथावकाश' ह्या सदराखालीं टाकिली. सरकारी भाषेंतील 'यथावकाश' ह्या शब्दाचा व्यवहारांतील अर्थ काय होतो, तो आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं नळाच्या जोडणीसाठीं अर्ज केला असेल त्यांनाच विचारावा.

ही आमची कल्पनेंतील भीति नव्हे. राजस्थानांत उदेपूर जिल्ह्यांत बिछडी नांवाचें एक गांव आहे. तेथें १९८८ सालीं एका रासायनिक कारखान्यांत 'एच-आम्ल' नांवाचें, कापडाच्या रंगांसाठीं लागणारें द्रव्य बनूं लागलें. माल सर्व परदेशीं जावयाचा. गाळ मात्र स्वदेशींच राहावयाचा. कारखान्यानें सुमारें ३७५ टन माल काढला, आणि त्यापायीं अडीच हजार टनांच्या आसपास विषारी गाळ मागें ठेविला. कारखान्याचें नांव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आहे, ज्यास पाहावयाचें त्यानें तेथें पाहावें. आम्हांस नांवापेक्षां रीत सांगावयाची आहे. गाळ उघड्यावर टाकिला, सांडपाणी वाहूं दिलें. पावसाबरोबर तें जमिनींत मुरलें, आणि सुमारें साठ विहिरींचें पाणी काळसर तपकिरी झालें. तें माणसांना पितां येईना, गुरांना पाजतां येईना, पिकास देतां येईना. गांवकरी खवळले, जमावबंदीचा हुकूम सुटला, १९८९ च्या जानेवारींत कारखाना बंद पडला. म्हणजे जो उद्योग एक वर्षहि धड चालला नाहीं, त्यानें पिढ्यान् पिढ्या पिकणारी जमीन नासविली.

पुढील कथा कोर्टाची. १९८९ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज दाखल झाला. न्यायालयानें गाळ गोळा करून बंदिस्त पुरण्यास सांगितलें. पण सातशें टनांच्या आसपास गाळच काय तो हिशेबांत आला, बाकीचा मातींत मिसळून व वर माती टाकून झांकल्याचें पुढें उघड झालें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे आपल्या 'नीरी'नें, तपास केला. सुमारें ३५० हेक्टर जमीन बाधित ठरली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं न्या. जीवन रेड्डी व न्या. किरपाल यांनीं निकाल दिला. घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. हयगय सिद्ध होवो वा न होवो, त्याच्या धंद्यापासून ज्यांचें नुकसान झालें त्यांना तें भरून दिलें पाहिजे व बिघडविलेली जमीन पूर्ववत् करण्याचा खर्चहि सोसला पाहिजे, हें तत्त्व त्या निकालानें ठाम केलें. इंग्लंडांतील लॉर्ड्सच्या सभेनें १८६८ सालीं घालून दिलेल्या नियमाला जे अपवाद होते ते आमच्या न्यायालयानें १९८६ च्या डिसेंबरमध्यें दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यांतच बाजूस सारले होते. बिछडीच्या निकालानें ते कायमचे गाडले. कायद्याच्या विद्यार्थ्यांस अभिमान वाटावा असा हा निकाल आहे.

आणि जमीन? शुद्धीच्या खर्चाचा आंकडा ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. तो भरावा लागूं नये म्हणून अर्जावर अर्ज पडत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजीं न्यायालयानें हा टाळाटाळीचा खेळ ओळखून ४ नोव्हेंबर १९९७ पासून द. सा. द. शे. १२ प्रमाणें चक्रवाढ व्याजासह सर्व रक्कम भरण्याचा हुकूम केला. आमच्या व्यापारी वाचकांनीं हिशेब करून पाहावा: वर्षाचें व्याज धरलें तरी मुद्दलाची चौपट होऊन वर रक्कम उरते. व्याज असें वाढलें, कारण पहिल्या अर्जापासून ह्या हुकुमापर्यंत बावीस वर्षें गेलीं. त्या बावीस वर्षांत बिछडीच्या शेतकऱ्याची एक पिढी उतरणीला लागली. त्याच्या विहिरीवर चक्रवाढ व्याजानें काय वाढलें, तें निराळें सांगावयास नको. जेथें साक्षात् सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम होता, निष्णात वकील होते, संशोधनसंस्थेचा अहवाल होता, तेथें ही गति. मग जेथें यांपैकीं कांहींच नाहीं अशा १०३ गांवीं बिनमुदतीच्या नियमानें काय होणार?

आतां दुसरें भगदाड, आणि हें आपल्या घराजवळचें आहे. शहराच्या कचरा-डेपोंतून जें दूषण जमिनींत उतरतें तें ह्या नियमांतून वगळलें आहे; त्यासाठीं निराळे नियम आहेत, असें कारण. शिवाय अपवादाला पुन्हां एक अपवाद जोडला आहे: कचऱ्यांत घातक द्रव्य मिसळलेलें असून त्याचें प्रमाण ठरीव मर्यादेच्या वर गेलें, तर मात्र हे नियम लागू. वाचावयास हें ठीक दिसतें. परंतु पुराव्याचा बोजा कोणावर? डेपो नगरपालिकेचा, मोजमापाचीं साधनें मंडळाचीं, आणि शेत बाजूच्या कुणब्याचें. मिश्रण आहे असें त्यानें दाखवावयाचें कशानें? त्याच्या हातीं फार तर विहिरीचा एक तांब्या पाणी आणि करपलेलें मेथीचें वाफें!

पुण्याच्या लोकांना तरी ही गोष्ट नवी नाहीं. शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गांवांच्या शिवारांत वर्षानुवर्षें पडत आला. विहिरी बिघडल्याची तक्रार करीत तेथील लोकांनीं कचऱ्याच्या गाड्या अनेक वेळां अडविल्या. २०१७ सालीं डेपोस आग लागल्यानंतर तर सुमारें तीन आठवडे अडविल्या. त्या तीन आठवड्यांत पुण्यांतील चौकाचौकांत जी दुर्गंधि सुटली तिच्याबद्दल शहरानें केवढा आक्रोश केला! तीच दुर्गंधि गांवकऱ्यांनीं किती वर्षें सोसली हा प्रश्न त्या वेळीं थोड्यांनींच विचारला. स्वराज्य आलें त्याचा अर्थ इतकाच कीं, पूर्वीं आपलें गाऱ्हाणें परक्या सरकाराविरुद्ध होतें. आतां पुष्कळ ठिकाणीं तें आपलें आपल्याविरुद्धच असतें, आणि म्हणूनच तें मांडण्यास जीभ अडखळते.

एके काळीं शहराचा मळ हें खेड्याचें धन होतें. पुण्याचें सोनखत मुठा कालव्याकांठचे ऊंसवाले पदरचे पैसे देऊन नेत. त्या कचऱ्यांत होतें काय? राख, शेण, पालापाचोळा, भाजीचीं देठें, मैला. जें जमिनींतून आलें तेंच फिरून जमिनींत. आजच्या पेटींत बॅटरीचे सेल आहेत, फुटलेल्या नळीदिव्यांतला पारा आहे, जुन्या रंगाचे पोपडे आहेत, गल्लींतल्या मुलामा देणाऱ्या कारखान्याचा गाळ आहे, आणि हें सर्व त्याच देठांच्या ढिगांत कालवलेलें आहे. दिल्ली, हैदराबाद व कडप्पा येथील जुने ढीग उकरून जी मातीसारखी वस्तु निघाली, तींत शिसें, क्रोमियम, तांबें, जस्त यांचें प्रमाण स्वच्छ मातीपेक्षां वाढलेलें संशोधकांस आढळलें आहे. २०२१ पासून केंद्र सरकारच्या योजनेनें जुने ढीग उकरून चाळण्याचें काम ठिकठिकाणीं चालू आहे. काम योग्य, पण चाळणीखालची माती 'खत' ह्या गोंडस नांवानें शेतांत जाणार असेल, तर शहरानें आपल्या अंगणांतलें विष शेजाऱ्याच्या ताटांत वाढलें, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, शहरी खतास कायद्यानें मर्यादा घातल्या आहेत. आहेत खऱ्या. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणें शहरी कंपोस्टांत किलोमागें कॅडमियम पांच मिलिग्रॅमच्या वर व शिसें शंभर मिलिग्रॅमच्या वर असतां कामा नये. हा हिशेब आम्ही वाण्याच्या वहीप्रमाणें मांडून पाहिला. हेक्टरीं दहा टन खत घातलें व तें अगदीं मर्यादेवर असलें, तर वर्षास पन्नास ग्रॅम कॅडमियम जमिनीच्या खात्यावर जमा होतें. वरच्या वीतभर थरांतील मातीचें वजन हेक्टरीं वीस लाख किलोच्या आसपास. म्हणजे चाळीस वर्षांत किलोमागें एक मिलिग्रॅम. भाजीवाला तर वर्षांत तीन पिकें घेतो व खतहि दुप्पट-तिप्पट घालतो. त्याचीं चाळीस वर्षें पंधरा-वीसांत भरतात. खर्चाची बाजू जवळ जवळ कोरी. कारण पीक जें उचलतें तें अगदीं थोडें, आणि धातु कुजत नाहीं, जळत नाहीं, उन्हानें उडत नाहीं. ज्या वहींत जमा आहे आणि खर्च नाहीं, अशा वहीची बाकी वाढतच जावयाची. एका पोत्याची मर्यादा पाळली म्हणून शेताची मर्यादा पाळली असें होत नाहीं.

पीक जें थोडें उचलतें तें आपल्या पोटांत जाण्यापुरतें पुरे असतें. कॅडमियमला पालेभाज्यांची विशेष ओढ; पालक, माठ यांच्या पानांत तें साठतें. तें धुऊन जात नाहीं, शिजवून मरत नाहीं. शरीरांत गेलें म्हणजे मूत्रपिंडांत घर करून वीस-वीस वर्षें राहतें. शिसें मुळांवाटे कमी चढतें, पण धुळीबरोबर पानांवर बसतें. तें बरेंचसें धुतां येतें, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा घाला पडत असल्यामुळें भाजी नीट धुण्याचा कंटाळा कोणीं करूं नये. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींत चुना पुष्कळ व चिकण भारी असल्यामुळें कॅडमियम तेथें बरेंच अडकून राहतें. कोंकणांतील जांभ्याच्या आम्ल जमिनींत तें लौकर सुटून पिकांत चढतें. काळ्या जमिनीचा हा उपकार खरा. पण अडकलेलें म्हणजे गेलेलें नव्हे.

येथें एक गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितों, कारण शहरांतील वाचकांस ती सुचत नाहीं. मंडईंतली भाजी पन्नास गांवांहून येते. एखाद्या शेतांतली जुडी आपल्या घरीं आठवड्यांतून एकदां आली तर आली. डेपोलगतचा शेतकरी मात्र रोज त्याच वाफ्यांतली भाजी खातो, त्याच विहिरीचें पाणी पितो, आणि त्याच्या म्हशी तोच कडबा खातात. विषाचा सर्वांत मोठा वांटा त्याच्याच घरीं जातो. आणि त्याला त्याची वर्दी देणारें कोणी नाहीं. २०१५ सालीं केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. तींत मातीच्या बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. कॅडमियम नाहीं, शिसें नाहीं, पारा नाहीं. रोग्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, ताप मोजला. विष पोटांत गेलें आहे काय एवढेंच विचारलें नाहीं.

शेतकरी स्वतः ओरडत कां नाहीं, असेंहि विचारणारे भेटतात. ओरडल्यास काय होईल? अमुक शिवारांतील माती बिघडली असें वर्तमानपत्रांत छापून आलें, कीं दुसऱ्या दिवशीं आडत्या त्या गांवचें नांव ऐकून पाटीला हात लावणार नाहीं. आणि यांत आडत्याचा दोष काढतां येत नाहीं, कारण त्याचेंहि गिऱ्हाईक आहे. जमिनीची किंमत उतरेल, सोसायटीचें कर्ज थांबेल, मुलीचें लग्न अडेल. खरें बोलण्याची शिक्षा खरें बोलणाऱ्यालाच होत असेल, तर तो गप्प बसणार. तेव्हां जागा दूषित म्हणून जाहीर करणें आणि तेथील पिकाची भरपाई करणें ह्या दोन गोष्टी एकाच दिवशीं व एकाच हुकुमानें झाल्या पाहिजेत. नाहींतर नियमांतील अर्धवार्षिक अहवाल कोरेच येत राहतील.

हें अशक्य आहे असें सांगणाऱ्यांनीं जपानकडे पाहावें. तेथें तोयामा प्रांतांतून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगास कामिओका ही खाण. खाणींतल्या कॅडमियमनें नदी व तिच्या कांठचीं भातखाचरें बिघडलीं. तो भात खाऊन विशेषतः वयस्क स्त्रियांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं, त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाचें नांव 'इताइ-इताइ', म्हणजे 'दुखतें, दुखतें', असें पडलें. १९६८ सालीं सरकारनें हा रोग दूषणामुळें होतो हें मान्य केलें. १९७० सालीं शेतजमिनीच्या दूषणाविषयीं स्वतंत्र कायदा केला. १९७१ व १९७२ सालीं रोगी कोर्टांत जिंकले. पुढें मर्यादेच्या काठावरचा तांदूळ सरकारनें स्वतः विकत घेऊन खाण्याऐवजीं खळ करण्यास वापरला. शेतकऱ्याचे पैसे बुडाले नाहींत, म्हणून त्यानें माल लपविला नाहीं. दूषित माती खालीं गाडून वर स्वच्छ मातीचा थर देण्याचें काम आठशेंहून अधिक हेक्टरांवर झालें आणि तें २०१२ सालीं पुरें झालें. श्रीमंत देश, स्वतंत्र कायदा, लोकांचा जोर, आणि तरीहि चाळीस वर्षें! आपण तर अजून तारीखच लिहिली नाहीं.

नगरपालिकांची बाजू आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. पैसा नाहीं, जागा नाहीं, माणसें नाहींत, आणि कर वाढविला तर पहिला आरडाओरडा आमच्याच वाचकांपैकीं पुष्कळांचा. परंतु ओला-सुका कचरा वेगळा करा, हें सांगणारे नियम २००० सालीं झाले, तेहि १९९६ सालीं श्रीमती अल्मित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयांत गेल्या म्हणून. पुन्हां २०१६ सालीं झाले. त्यांस पैशापेक्षां संवय अधिक लागते. सेल व दिव्याची नळी देठांत टाकूं नये ह्याला कोणत्या अंदाजपत्रकाची मंजुरी पाहिजे? जो दुकानदार नवा सेल विकतो त्यानें जुना परत घेण्याचा एक डबा गल्ल्याशेजारीं ठेवावा. त्याचें भाडें त्यास पडणार नाहीं.

सरकाराकडे आमचें मागणें थोडक्यांत असें. नियमांत दुरुस्ती करून, शुद्धीची योजना मंजूर झाल्यापासून काम किती वर्षांत संपलें पाहिजे तें लिहावें, आणि मुदत उलटल्यास बिछडीच्या निकालाप्रमाणें व्याज आपोआप सुरू व्हावें. त्यासाठीं शेतकऱ्यास पुन्हां दिल्लीची वारी घडूं नये. कचरा-डेपोच्या कक्षेंतील शेतांपुरता पुराव्याचा बोजा उलटावा: माती शुद्ध आहे हें डेपोवाल्यानें दाखवावें. अशा शेतांच्या मृदा पत्रिकेंत कॅडमियम व शिसें यांचीं दोन सदरें वाढवावीं. पत्रिकेचा कागद तेवढा रुंद आहे. आणि ढिगांतून चाळलेली माती शेतांत जाण्यापूर्वीं प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा दाखला असावा.

दुरुस्ती होईल तेव्हां होईल. तोंवर आहे तो नियम कामास लावण्याचा मार्ग मोकळा आहे. संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनानें सहा महिन्यांनीं करावयाचा आहे. डेपोलगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनें आपल्या बिघडलेल्या विहिरींचे व गटांचे नंबर, पाणी कोणत्या सालापासून बदललें तें साल, आणि कचऱ्यांत कारखान्याचा माल येत असल्यास तो कोणत्या रस्त्यानें येतो, असा लेखी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा व त्याची पोंच घ्यावी. अर्जांत 'मिश्रण' हा शब्द अवश्य घालावा. अपवादाचा अपवाद त्याच शब्दावर उभा आहे. आणि शहरांतील वाचकांनीं आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकास एवढें विचारावें कीं, आपल्या डेपोशेजारच्या विहिरींचें पाणी गेल्या वर्षीं कोणीं, कोणत्या तारखेस तपासलें, आणि तो कागद कोठें आहे.